खोक्यावरची शाई

मंगळवार पेठेत मिरजकर तिकटीजवळ आमचं जुनं कौलारू घर आहे. दोन वर्षांपूर्वी कौलं उतरवायची ठरली, तेव्हा माळा रिकामा करावा लागला. पितळी भांडी, सतरंज्या, मोडका पाळणा यांच्यामागून पुठ्ठ्याचं एक खोकं निघालं. वर मोटारींची रंगीत चित्रं आणि मोठ्या अक्षरांत दावा : ‘९९९९९९ इन १’. आमचा व्हिडिओ गेम! झाकणाच्या आतल्या बाजूला वडिलांच्या हातची निळी शाई होती : ‘दिवाळी १९९४. रु. १,२००. मुलांनी अभ्यास करून खेळणे.’

घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या खोक्यावर वडील तारीख आणि किंमत लिहीत. मिक्सर, इस्त्री, घड्याळ, काहीच सुटलं नाही. आम्ही हसायचो. आता वडील नाहीत आणि बाकीची खोकी आम्हीच रद्दीत घातली.

हा खेळ मुळात जपानचा. निन्टेन्डो ही क्योटोतली, १८८९ मध्ये पत्ते बनवण्यासाठी सुरू झालेली कंपनी. जुलै १९८३ मध्ये तिने ‘फॅमिकॉम’ हे यंत्र आणलं. त्याच्या नकला नव्वदच्या दशकात ‘लिटल मास्टर’, ‘मीडिया’, ‘टर्मिनेटर’ अशा नावांनी आपल्या बाजारात आल्या. कॅसेट दणकट होती. अडली की फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची. खोकं मात्र पहिल्याच दिवशी फाटायचं, नाहीतर त्यात पणत्या जायच्या. म्हणून आज यंत्रं सापडतात, खोकी क्वचितच.

खोकं टाकून द्यायची सवय तशी नवीच. १८७९ च्या सुमारास ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट गेअर यांच्या छापखान्यात कागदी पिशव्यांना घडी पाडणारी धातूची पट्टी चुकून वर राहिली आणि पिशव्या कापल्या गेल्या. एकाच दाबात कापणं आणि घडी पाडणं दोन्ही जमेल, हे त्यांच्या लक्षात आलं. घडीचं खोकं स्वस्त झालं आणि स्वस्त वस्तू आपण जपत नाही.

पण टाकाऊ कागदाचं मोल कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. बाबूराव पेंटरांचे बहुतेक मूकपट आज पाहायला मिळत नाहीत. त्यांच्या १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं भित्तिपत्रक मात्र टिकलं, आणि आज ते भारतातल्या सर्वांत जुन्या चित्रपट-भित्तिपत्रकांत गणलं जातं. आमच्या खोक्याचंही तसंच. ‘९९९९९९’ खेळांत प्रत्यक्षात मोजकेच खेळ पुन्हापुन्हा यायचे. कोणी काय आणि कसं खपवलं, हे खोकं सांगतं. यंत्र सांगत नाही.

जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत ‘सुपर मारिओ ६४’ या १९९६ च्या खेळाची सीलबंद प्रत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरना गेली. कोणी कधी न खेळलेला खेळ! आमचं खोकं पाहून एक संग्राहक म्हणाले, ‘चांगलं आहे हो, पण शाईनं किंमत पडते. स्पिरिटनं पुसून बघा.’ मी कापूस हातात घेतलाही होता. मग आठवलं, मोडी कागदावरचा कारकुनाचा शेरा इतिहासकार पुसत नाहीत. आधी तोच वाचतात. कापूस खाली ठेवला.

मग जपायचं कसं? लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त पुठ्ठ्यात आम्ल वाढतं. तो पिवळा, ठिसूळ होतो. ऊन ते काम लवकर करतं आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यावर बुरशी व कसर येते. जुने दफ्तरदार मोडी कागद रुमालात बांधत. कापडाने धूळ अडते आणि हवा खेळती राहते. खोक्यालाही तेच हवं. फाटलं तरी चिकटपट्टी लावू नये. तिचा डिंक पुठ्ठ्यात मुरतो आणि डाग पाडतो. रबरबँडही नको. आत आम्लरहित कागदाचे बोळे सैल भरावेत, म्हणजे कोपरे दबत नाहीत. खोक्यावर खोकं रचू नये. बाहेरच्या भिंतीला लागून किंवा माळ्यावर ठेवू नये. ओलसर झालं तर सावलीत वाळवावं. ओलं असताना प्लॅस्टिकमध्ये बंद केलं, तर बुरशीला घरच मिळतं.

आमचं खोकं आता आतल्या खोलीच्या कपाटात आहे. दसऱ्याच्या सुमारास, पाऊस उघडला की मी ते काढून पाहतो. वडिलांची अट वाचतो आणि खरं सांगतो, ती आम्ही कधीच पाळली नाही. दिवाळीची साफसफाई करताना तुमच्याही हाती असं खोकं लागेल. रद्दीवाल्याला देण्याआधी झाकण उघडून आतली बाजू एकदा वाचा.