सैतानाचा पंतप्रधान

मराठी वर्तमानपत्रात ‘वूडू’ हा शब्द आला की त्याच्या मागोमाग टाचण्या टोचलेली बाहुली येतेच. करणी, चेटूक, मूठ मारणे यांच्या पंगतीला आपण त्याला बसवून टाकलं. हा अन्याय आहे. इंग्रजी चित्रपटांनी आणि कादंबऱ्यांनी शब्दाला फासलेलं काळं आपण न धुता तसंच घेतलं.

मूळ शब्द ‘व्होडुन’. पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन देशात, फॉन भाषेत, त्याचा अर्थ देव, दैवत. १६५८ साली तिथल्याच आलाडा राज्यासाठी स्पेनमध्ये ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरी छापली गेली, तेव्हा परमेश्वराला ‘वोदू’ म्हणण्यात धर्मप्रचारकांनाही काही वावगं वाटलं नव्हतं. व्युत्पत्तीबद्दल मतं अनेक आहेत. सुझॅन प्रेस्टन ब्लायर या कला-इतिहासकार बाईंनी ‘व्हो’ म्हणजे विसावणं आणि ‘डुन’ म्हणजे पाणी शेंदणं अशी फोड दिली आहे: पाणवठ्यावर घाई न करता, जरा टेकून पाणी भरावं. ती भाषाशास्त्राच्या कसोटीवर टिको न टिको, मला फार आवडते. पुढे विदा बंदरातून गुलाम म्हणून जहाजांत कोंबलेल्या माणसांनी हा शब्द अटलांटिकपार नेला. तिकडे त्याचं ‘वोदू’ आणि ‘वूडू’ झालं.

हे सगळं आठवलं ते आंत्वान दुग्बेच्या गाण्यांमुळे. बेनिनमधल्या कोतोनू शहरातला हा गीतकार ‘सैतानाचा पंतप्रधान’ या फ्रेंच बिरुदाने ओळखला जाई. मेलोमे क्लेमाँ यांच्या ऑर्केस्ट्र पोली-रिद्मो या वाद्यवृंदाबरोबर त्याच्या तबकड्या निघाल्या आणि मग विस्मरणात गेल्या. जर्मनीतल्या ॲनालॉग आफ्रिका कंपनीच्या सामी बेन रेजेबने जुन्या तबकड्या धुंडाळून २००९ साली बेनिनच्या चार कलावंतांचा संग्रह काढला, त्यात दुग्बे पुन्हा ऐकू आला. बिरुदातला ‘सैतान’ मात्र व्होडुनमधला नव्हे. सैतान तिथे मिशनऱ्यांबरोबर आला, आणि त्यांनी ते नाव चिकटवलं लेग्बाला. लेग्बा हा उंबरठ्यावरचा, चौरस्त्यावरचा देव. कुठल्याही विधीत पहिला मान त्याचा, कारण माणसांचं बोलणं बाकीच्या दैवतांपर्यंत पोचवतो तो. लादलेली शिवी छातीवर पदकासारखी मिरवावी, तसं मला ते बिरुद वाटतं.

फॉन भाषेत ‘नॉन’ हा प्रत्यय मालकी दाखवतो. ‘व्होडुनॉन’ म्हणजे दैवत ज्याच्याकडे आहे तो, पुजारी. दीक्षा घेतलेला भक्त ‘व्होडुन्सी’. यातल्या ‘सी’चा अर्थ पत्नी, आणि पुरुष भक्तालाही हाच शब्द. पोली-रिद्मोने आपल्या गाण्यांत ज्याच्या पूजेचा ताल आणला तो साक्पाता, म्हणजे जमिनीचा आणि देवीच्या रोगाचा देव. त्याचं नाव सहसा घेत नाहीत. ‘आयिनॉन’, जमिनीचा धनी, असं म्हणतात. जमिनीतून धान्य देणारा तोच, आणि कोपला की तेच दाणे माणसाच्या कातडीवर उगवतात, अशी कथा आहे. आपणही त्या रोगाला रोग म्हटलं नाही. ‘देवी आल्या’ म्हटलं, तेही आदरार्थी बहुवचनात. लस टोचणाऱ्यालासुद्धा आपण ‘देवी डॉक्टर’ केलं. साक्पाताची भीती आणि भक्ती समजायला मराठी माणसाला इंग्रजी ‘वूडू’ची काहीच गरज नाही.

दुग्बेच्या एका गाण्याच्या शीर्षकात ‘अकुएनॉन’ हा शब्द आहे. पुन्हा तोच ‘नॉन’: पैशाचा धनी, श्रीमंत माणूस. ‘अकुए’ म्हणजे पैसा, आणि पूर्वी त्या किनाऱ्यावर पैसा म्हणजे कवडी. कवड्या मालदीवच्या समुद्रातल्या. हिंदी महासागरातून युरोपच्या बंदरांत आणि तिथून जहाजं भरभरून विदाच्या किनाऱ्यावर त्या जात. तिथे त्यांच्या मोबदल्यात माणसं विकत घेतली जात. इंग्रजीतला ‘काउरी’ हा शब्दही आपल्याकडच्या ‘कौडी’वरून आलेला. तुळजाभवानीच्या भक्ताच्या गळ्यातल्या माळेत असते, तीच ही कवडी.