वाहतूकदाराचे दायित्व (अनधिकृत प्रवासी)

प्रवेशाची परवानगी नसलेल्या परदेशी व्यक्तीला आणून उतरवल्याबद्दल जहाज कंपनीवर, आणि पुढे विमान कंपनीवरही, कायद्याने येणारी आर्थिक जबाबदारी. परत नेण्याचा खर्च, अडकवून ठेवलेल्या काळातला राहण्या-जेवणाचा खर्च आणि माणशी दंड अशा रूपांत ती आकारली जाते. कंपनीचा हेतू वाईट होता की नाही हे सहसा पाहिले जात नाही. मानवी तस्करीच्या गुन्ह्याहून हे दायित्व वेगळे पडते ते इथेच.

त्याची ठळक घडण अमेरिकेत झाली. १८९१ च्या कायद्याने नाकारलेल्या प्रवाशांना त्याच जहाजातून, मालकाच्या खर्चाने परत पाठवण्याची तरतूद केली. १९०३ पासून, निघतानाच ओळखता आला असता असा संसर्गजन्य रोग असलेल्या प्रवाशामागे १०० डॉलर दंड बसू लागला. अशा तरतुदींमुळे कंपन्यांनी चाळणी युरोपातच लावली. हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीने १९०१ मध्ये हॅम्बुर्गजवळ फेडेल येथे स्थलांतरितांसाठी अख्खी वसाहत उभारली होती. तिथे प्रवाशांची तपासणी होई, सामानाचे निर्जंतुकीकरण होई. जुना कॉलऱ्याचा धसका त्यामागे होताच, पण परतफेरीचा भुर्दंडही होता. १९२१ मध्ये देशवार कोटा आला आणि तो महिन्यागणिक वाटला गेल्यामुळे महिनाअखेरीस न्यूयॉर्कबाहेर खोळंबलेली जहाजे मध्यरात्र उलटताच, नव्या महिन्याचा कोटा भरण्याआधी, बंदरात घुसण्यासाठी शर्यत लावत. १९२४ च्या कायद्याने व्हिसा नसलेला स्थलांतरित आणल्यास १,००० डॉलर दंड ठेवला, शिवाय त्याच्या भाड्याइतकी रक्कम भरायला लावली.

ऑस्ट्रेलियात १९०१ पासूनच माणशी १०० पौंडांचा दंड होता. ब्रिटनने १९८७ मध्ये १,००० पौंड ठरवले आणि १९९१ मध्ये ते दुप्पट केले. युरोपीय संघाच्या २००१ च्या निर्देशाने सदस्य देशांना दिलेल्या पर्यायांपैकी एकात माणशी दंडाची किमान रक्कम ३,००० युरोंपेक्षा कमी ठेवता येत नाही. निर्वासितांविषयीच्या कराराला बाधा येऊ नये असेही तो निर्देश म्हणतो. पण छळापासून पळणाऱ्याकडे कागद नसणे साहजिकच, आणि त्याला नाकारणारा तिकीट खिडकीवरचा कारकून असतो. त्या नकारावर अपील सहसा कुठेच नसते. सीमारक्षणाचे काम असे सरकारकडून खासगी नोकराकडे जाते, हा या कायद्यांवरचा सर्वांत वजनदार आक्षेप होय.

समुद्रात वाचवलेल्यांचा प्रश्न याहून अवघड. बुडणाऱ्याला वाचवणे हे कप्तानाचे सागरी कायद्यातील कर्तव्य आहे. तरी २००१ मध्ये चारशेहून अधिक लोकांना वाचवणाऱ्या ‘टँपा’ या नॉर्वेजियन जहाजाला ऑस्ट्रेलियाने त्यांना उतरवू दिले नाही.

भारतात २००० च्या स्वतंत्र कायद्याने माणशी १ लाख रुपये दंड ठरवला होता. २०२५ च्या आप्रवास व परदेशी नागरिक कायद्याने तो जुना कायदा रद्द केला. आता दंड ५ लाखांपर्यंत जाऊ शकतो, आणि तो न भरल्यास जहाज अडकवून ठेवता येते.