नागरी लिपि आणि छापण्याचें यंत्र : रत्नागिरींतील एक वाद

एखादें यंत्र समाजांत नव्यानें येतें, तेव्हां त्याच्यासंबंधीं दोन प्रश्न उभे राहतात. यंत्राचा उपयोग किती, हा पहिला. आणि यंत्रासाठीं माणसानें आपलें किती सोडावयाचें, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर हिशेबानें देतां येतें. दुसऱ्या प्रश्नांत मात्र सवय, अभिमान, श्रद्धा आणि पोटाची काळजी हीं सारीं एकदम बोलूं लागतात, आणि मग वाद करणाऱ्यांची सभ्यता कसास लागते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या व चौथ्या दशकांत नागरी लिपीच्या सुधारणेवरून महाराष्ट्रांत असाच एक वाद झाला. त्याचें एक मुख्य केंद्र रत्नागिरी होतें. वाद अक्षरांचा दिसत होता. त्याच्या मुळाशीं होतें छापण्याचें यंत्र.

रत्नागिरी जिल्ह्याचा छापील मराठीशीं संबंध जुना आहे. 'दर्पण' हें मराठींतील पहिलें वृत्तपत्र ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईस काढणारे बाळशास्त्री जांभेकर हे पोंभुर्ल्याचे. तें गांव आज सिंधुदुर्ग जिल्ह्यांत मोडतें. परंतु १९८१ पर्यंत तें रत्नागिरी जिल्ह्यांतच होतें. लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ मध्यें खुद्द रत्नागिरी शहरांत झाला. 'केसरी' चालवितांना नागरी खिळ्यांची अडचण त्यांना रोज दिसत असे. खिळ्यांची संख्या छाटून ती दोनशेंच्या आंत आणण्याच्या त्यांच्या खटपटींतून जो संच सिद्ध झाला, तो 'टिळक टाइप' ह्या नांवानें ओळखला जातो. म्हणजे लिपीला यंत्राशीं जुळवून घेण्याचा विचार कोणा परक्यानें आणलेला नव्हता. तो ज्यांना मराठी छापावयाची होती त्यांच्याच घरांत जन्मला.

ही अडचण नेमकी काय होती, हें समजल्याशिवाय वादाचें मर्म कळणार नाहीं. इंग्रजी छपाईस लागणारीं चिन्हें मोजकीं असतात. सव्वीस अक्षरांचीं लहान-मोठीं रूपें, आंकडे आणि विरामचिन्हें मिळून शंभराच्या आसपास खिळ्यांत काम भागतें. नागरीचें तसें नाहीं. तिच्यांत काना अक्षराच्या पुढें येतो, ऱ्हस्व वेलांटी मागें, मात्रा डोक्यावर, उकार पायाशीं. रकाराचीं रूपें निरनिराळीं. आणि जोडाक्षरें कांहीं आडवीं, तर कांहीं एकाखालीं एक. हा सारा चढउतार शिशाच्या चौकोनी खिळ्यांत बसवावयाचा म्हणजे संपूर्ण संच पांचशें खिळ्यांच्या घरांत, आणि पुष्कळदां त्याच्याही पलीकडे जाई. कंपोझिटरापुढें अनेक केसी मांडलेल्या असत आणि एकेका शब्दासाठीं त्याचा हात दूरदूर जाई. छापतांना पातळ उकार तुटे, मात्रा उडे, आणि मुद्रितें तपासणाऱ्यास तीच चूक पुन्हां पुन्हां दुरुस्त करावी लागे. पुस्तकाची किंमत आणि वृत्तपत्राची वेळ ह्या दोहोंवर ह्याचा भार पडे.

तशांत जगांतील छापखाने हातानें खिळे जुळविण्याची पद्धति टाकूं लागले होते. १८८६ मध्यें न्यूयॉर्क येथील एका दैनिकांत लायनोटाइप यंत्र प्रथम चालूं लागलें. त्याच्या फळीवर नव्वद कळा होत्या. कळ दाबावी, साचा खालीं यावा आणि सबंध ओळ शिशांत ओतली जावी, असा तो चमत्कार होता. परंतु नव्वद कळांवर पांचशें खिळे बसवावयाचे कसे? हरि गोविल ह्यांच्या प्रयत्नानें १९३३ मध्यें नागरी लायनोटाइप तयार झालें. तेंही अक्षरांचे तुकडे पाडून आणि पुष्कळ जोडाक्षरांस रजा देऊन. यंत्र लिपीकडे निम्मी वाट चालून आलें होतें. उरलेली निम्मी वाट लिपीनें चालावी काय, हा प्रश्न होता.

ह्या प्रश्नाला रत्नागिरींत विनायक दामोदर सावरकर ह्यांनीं चळवळीचें स्वरूप दिलें. जानेवारी १९२४ मध्यें कारागृहांतून सुटल्यावर रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जावयाचें नाहीं आणि राजकारणांत भाग घ्यावयाचा नाहीं, अशा अटींखालीं ते तेथें राहत होते. हे निर्बंध मे १९३७ मध्यें उठले. त्या तेरा वर्षांत अस्पृश्यतानिवारण आणि भाषाशुद्धि ह्यांबरोबर लिपिशुद्धीचा विषयही त्यांनीं हातीं घेतला.

त्यांची मुख्य सूचना ऐकण्यास सोपी आहे. श्रोत्यांनीं क्षणभर अक्षरें डोळ्यांपुढें आणावींत. 'अ' ह्या अक्षरास काना-मात्रा दिली कीं 'ओ' होतो, काना आणि दोन मात्रा दिल्या कीं 'औ' होतो, अनुस्वार दिला कीं 'अं' होतो. मग त्याच 'अ'ला वेलांटी देऊन 'अि', उकार देऊन 'अु', मात्रा देऊन 'अे' कां लिहूं नये? इ, ई, उ, ऊ, ए, ऐ हीं निराळीं अक्षरें त्यामुळें वांचतील. दुसरी सूचना अशी, कीं एकाखालीं एक चढविलेलीं जोडाक्षरें मोडून तीं शेजारीं शेजारीं लिहावींत, म्हणजे प्रत्येक जोडाक्षरास स्वतंत्र खिळा नको. पहिल्या सूचनेस आधार नव्हता असें नाहीं. शेजारच्या गुजराती लिपींत 'ए' आणि 'ऐ' हे स्वर 'अ'वर मात्रा देऊनच लिहिले जातात, आणि त्यामुळें गुजराती माणसाचें कांहीं बिघडलेलें नाहीं.

विरोधकांचे आक्षेपही पोकळ नव्हते. 'अ' आणि 'इ' हे दोन स्वतंत्र स्वर आहेत. 'इ' हा 'अ'चा विकार नव्हे. तेव्हां 'अि' असें लिहिणें म्हणजे एका स्वराच्या खांद्यावर दुसरा बसविणें होय, आणि शिकणाऱ्या मुलाचा त्यानें गोंधळ होईल, असें व्याकरणाच्या बाजूनें म्हटलें जाई. दुसरा आक्षेप वाचनाचा होता. संस्कृत ग्रंथ, संतवाङ्मय आणि शंभर वर्षांत छापलेलीं मराठी पुस्तकें जुन्या अक्षरांत आहेत. नव्या पिढीस हीं दोन्हीं वळणें शिकवावयाचीं, कीं जुन्या ग्रंथांस मुकूं द्यावयाचें? तिसरा आक्षेप सर्वांत मूलगामी होता. यंत्र माणसानें घडविलें आहे. मग यंत्र बदलावयाचें सोडून अक्षरेंच कां बदलावयाचीं?

ही भीति हवेंतली नव्हती, हें त्याच काळांत तुर्कस्तानांत दिसत होतें. १९२८ मध्यें मुस्तफा केमाल ह्यांनीं अरबी लिपि टाकून रोमन लिपि आणली. साक्षरतेस त्याचा लाभ झाला. पण पुढील पिढीस आपल्या आजोबांचीं पत्रें वाचतां येईनात. हिंदुस्थानांतही सुनीतिकुमार चटर्जींसारखे भाषापंडित रोमन लिपीचा पक्ष मांडीत होते. नागरीचे सुधारक म्हणत, कीं थोडें बदललें नाहीं तर सगळेंच जाईल. विरोधक म्हणत, कीं थोडें बदलण्यास प्रारंभ केला म्हणजे सगळें जाण्यास वाट मोकळी होईल. दोघांनाही राखावयाची होती ती नागरीच. वाद शत्रूंचा नव्हता. एकाच वस्तूच्या दोन राखणदारांचा होता.

असें असूनही वादाची भाषा पुष्कळदां शत्रूंची होती. ज्या महाराष्ट्रांत आगरकरांची त्यांच्या हयातींतच प्रेतयात्रा काढण्यापर्यंत मतभेदाची मजल गेली होती, तेथें हें नवल नव्हे. सुधारणा सुचविणारा धर्मबुडवा, आणि शंका काढणारा जुनाट, अशीं नांवें ठेवण्याची संवय दोन्हीं बाजूंस होती. सावरकरांची लेखणीही उपहासांत तिखट होती, आणि त्या तिखटपणाचा आनंद समर्थकांस जितका होई, तितकाच विरोधकाचा कान त्यामुळें बंद होई.

ह्या वादांत एक गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे. 'अ'च्या बाराखडीनें वांचणारीं मूळ अक्षरें सहा होतीं. खिळ्यांची खरी गर्दी स्वरांची नव्हतीच. ती जोडाक्षरांची आणि वरखालीं चढणाऱ्या चिन्हांची होती. तरीही गदारोळ झाला तो 'अि' आणि 'अु' ह्यांच्यावर. कारण उघड आहे. जोडाक्षराचा खिळा कसा ओतावा हें समजण्यास छापखान्यांत जावें लागतें. 'अि' चांगला दिसतो कीं वाईट, हें सांगण्यास कांहींच लागत नाहीं. यंत्राच्या वादांत असें वारंवार घडतें. जेथें लाभ मोठा असतो तेथें जाणकार थोडे असतात. जेथें लाभ थोडा असतो तेथें मत मात्र प्रत्येकाला असतें. कडवटपणा वाढतो तो बहुधा ह्या दुसऱ्या ठिकाणीं.

तरीही त्या काळच्या कांहीं गोष्टी आदरानें सांगण्यासारख्या आहेत. पहिली किर्लोस्करवाडीची. लोखंडी नांगर करणाऱ्या कारखान्याच्या गांवाहून निघणाऱ्या 'किर्लोस्कर' आणि 'स्त्री' ह्या मासिकांनीं 'अ'ची बाराखडी प्रत्यक्ष छापून घरोघरीं पोंचविली. नव्या अक्षरांनीं वाचन अडतें कीं नाहीं, हें ज्याचें त्याला पाहतां आलें. हजार लेखांनीं जें ठरलें नसतें, त्याची परीक्षा ह्या छापील पानांवर झाली.

दुसरी गोष्ट पक्षभेदाची. १ मार्च १९२७ रोजीं महात्मा गांधी रत्नागिरीस आले असतां सावरकरांच्या घरीं जाऊन त्यांना भेटले. दोघांच्या मार्गांतील अंतर त्या भेटीनें मिटलें नाहीं. पुढें तें वाढतच गेलें. तथापि १९३५ मध्यें गांधींच्या अध्यक्षतेखालीं इंदूर येथें हिंदी साहित्य संमेलन भरलें आणि त्यांतून नागरी लिपीच्या सुधारणेसाठीं समिति निघाली, तेव्हां तिचें काम पाहणाऱ्या काका कालेलकरांच्या मंडळीनेंही 'अ'च्या बाराखडीचाच पुरस्कार केला. वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या आणि अहमदाबादच्या नवजीवन प्रकाशनाच्या अनेक हिंदी पुस्तकांत ती वापरली गेली. राजकारणांत ज्यांचें कधीं जमलें नाहीं, त्यांचे खिळे असे एका केसींत आले. सूचना कोणाची, हें न पाहतां ती कशी आहे हें पाहिलें, कीं काय होऊं शकतें त्याचें हें उदाहरण आहे.

तिसरी गोष्ट माधव जूलियन ह्यांची. ती लिपीची नसून भाषाशुद्धीची आहे. पण चळवळ त्याच रत्नागिरीची. १९२५ मध्यें फार्शी-मराठी कोश सिद्ध करणारा आणि आपल्या कवितेंत फारसी शब्द मोकळेपणानें खेळविणारा हा पंडित पुढें स्वतःच भाषाशुद्धीचा पुरस्कर्ता झाला, आणि १९३८ मध्यें त्यानें 'भाषाशुद्धि-विवेक' हा ग्रंथ लिहिला. त्यांचें नवें मत बरोबर कीं जुनें, हा प्रश्न निराळा. विद्वानानें आपलें मत उघडपणें बदलावें आणि त्याचीं कारणें ग्रंथ लिहून द्यावींत, ह्याला धैर्य लागतें. ज्या वादांत मत बदलणाऱ्यास कोणी फितूर म्हणत नाहीं, तोच वाद पुढें सरकतो.

लिपीच्या वादाचा निकाल मात्र कोणाच्याच इच्छेप्रमाणें लागला नाहीं. संयुक्त प्रांताच्या सरकारनें १९४७ मध्यें नेमलेल्या आचार्य नरेंद्र देव समितीनें 'अ'ची बाराखडी अमान्य केली. १९५३ मध्यें लखनौ येथें भरलेल्या परिषदेनें ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेण्याचें ठरविलें; तो बदल लोकांना रुचला नाहीं आणि थोड्याच वर्षांत मागें घ्यावा लागला. मासिकांनींही हळूहळू जुने स्वर पुन्हां घेतले. आणि मग यंत्रच बदललें. शिशाचे खिळे गेले, प्रकाशानें अक्षरें जुळविणारीं यंत्रें आलीं, आणि त्यांच्यामागून संगणक आला. पांचशें आकृति सांभाळणें हें संगणकास ओझें नव्हतें. यंत्र बदलेल, अक्षरें नकोत, असें म्हणणारे अखेर ह्या बाबतींत खरे ठरले.

पण सुधारकही सर्वस्वीं चुकले नव्हते. १९९१ मध्यें भारतीय भाषांच्या संगणकीय लिपीचें राष्ट्रीय मानक निघालें आणि त्याच वर्षीं युनिकोडचें पहिलें रूपही प्रसिद्ध झालें. ह्या दोहोंत 'कि' हें अक्षर सांठवितांना आधीं 'क' आणि मागून वेलांटी असाच क्रम ठेवतात. वेलांटी डावीकडे दिसते ती केवळ डोळ्यासाठीं. सरकारमान्य इनस्क्रिप्ट कळफलकावर तर 'इ' आणि तिची वेलांटी एकाच कळेवर आहेत, 'उ' आणि त्याचा उकारही एकाच कळेवर. स्वर आणि त्याचें चिन्ह हीं एकाच ध्वनीचीं दोन रूपें आहेत, त्यांना दोन ठिकाणीं ठेवण्याचें कारण नाहीं, हा लिपिशुद्धीच्या मागचा विचार अशा रीतीनें कागदावर हरला आणि कळेखालीं टिकला.

आज मराठी टंकित करणारा कोणीही दोन्हीं पक्षांचा ऋणी आहे. त्याच्या डोळ्यांपुढें जीं अक्षरें उमटतात तीं विरोधकांनीं राखलेलीं आहेत. त्याची बोटें ज्या क्रमानें चालतात तो सुधारकांच्या विचाराशीं जुळणारा आहे. धर्मबुडवे आणि जुनाट हीं विशेषणें मात्र कोणाच्याच उपयोगीं पडलीं नाहींत. त्या वादांतून उरलें तें एवढेंच : गुजरातीच्या मात्रेचें उदाहरण, जुन्या ग्रंथांच्या वाचनाची काळजी, खिळ्यांचा हिशेब, आणि छापून पाहिलेलीं पानें. यंत्राविषयींचें आजचें भाकीत उद्यां खोटें ठरण्याचा संभव नेहमींच असतो. म्हणूनच अशा वादांत प्रतिपक्षाचा आक्षेप जपून ठेवावयाचा असतो. उद्यांच्या यंत्राला तोच उपयोगी पडण्याचा संभव असतो.