अर्ध्या तिकिटाचा इतिहास

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें लढाया, तहनामे आणि सनदा उभ्या राहतात. मोटारगाडीचें तिकीट ही इतकी क्षुद्र वस्तु कीं, प्रवास संपतांच आपण तें चुरगाळून टाकून देतों. त्यालाही कांहीं इतिहास असेल अशी शंका कोणास येत नाहीं. परंतु एखाद्या समाजानें आपल्या थकलेल्या व व्यंग असलेल्या माणसांविषयीं काय ठरविलें हें पाहावयाचें असेल, तर त्याच्या धर्मग्रंथांइतकेंच त्याच्या भाडेपत्रकाकडेही पाहिलें पाहिजे. धर्मग्रंथांत वृद्धांविषयींचा आदर असतो. भाडेपत्रकांत त्या आदराची किंमत कोणीं भरावयाची हें लिहिलेलें असतें. आमच्या परभणी जिल्ह्याच्या वाटांवरून या विषयाचा थोडा मागोवा घ्यावा, असा आजचा विचार आहे.

या विषयाकडे आमचें लक्ष वेधलें तें एका लहानशा प्रसंगानें. जिंतूरकडे जाणाऱ्या गाडींत आमच्या शेजारीं एक वृद्ध शेतकरी बसले होते. कंडक्टरनें वय विचारलें, तेव्हां ते म्हणाले, "रझाकारात मी मायच्या कडंवर होतो." कार्डावर मात्र जन्मतारीख १ जानेवारीची होती, आणि वर्ष असें कीं त्यांस ७५ पुरीं होण्यास अद्याप अवकाश होता. कंडक्टरनें कार्ड पाहून यंत्रांतून अर्धें तिकीट काढून दिलें. त्याचा कांहीं दोष नव्हता. त्याला हिशेब कार्डावरून द्यावयाचा होता. म्हातारबुवा हंसून आम्हांस म्हणाले, "सरकारनं मला धाकटं केलं बघा, गुरुजी!"

आम्ही त्या वेळीं हंसलों. परंतु घरीं आल्यावर त्या हंसण्याचा अर्थ मनांत घोळूं लागला. त्या पिढीच्या जन्माची नोंद खेड्यापाड्यांतून क्वचितच होत असे. शाळेंत नांव घालतांना मास्तरांनीं अंदाजानें तारीख लिहावी, आणि जे शाळेंत गेलेच नाहींत त्यांची तारीख पुढें कार्ड काढणाऱ्यानें लिहावी, हाच क्रम. ज्याचें वय त्याला स्वतःला ठाऊक आहे पण कागदाला ठाऊक नाहीं, अशा माणसाला वयाची सवलत द्यावयाची तरी कशी? या प्रश्नाचें मूळ शोधूं जातां आपण थेट निजामशाहींत जाऊन पोंचतों.

एकोणिसावें शतक संपून विसावें लागण्याच्या सुमारास मनमाडहून जालना, परभणी, पूर्णा, नांदेड या गांवांवरून हैदराबादकडे जाणारा गोदावरीच्या खोऱ्यांतील लोहमार्ग सुरू झाला. तत्पूर्वीं या मुलखांत प्रवास म्हणजे बैलगाडीचा किंवा पायांचा. वृद्ध माणूस जनाबाईच्या गंगाखेडास वा पंढरीस निघाला, तर त्याचा भार दिंडी उचलीत असे. वाटेंत धर्मशाळा असे, अन्नछत्र असे. ही व्यवस्था थोर होती यांत संशय नाहीं. पण ती देणाऱ्याच्या पुण्यावर चाले, घेणाऱ्याच्या अधिकारावर नव्हे. आणि यात्रेच्या वाटेवर ती जितकी जागी असे तितकी दवाखान्याच्या किंवा कचेरीच्या वाटेवर नसे. आगगाडी आली तेव्हां तिनें माणसांची वर्गवारी डब्यांच्या दर्जाप्रमाणें केली. अर्धें तिकीट म्हणजे लहान मुलाचें तिकीट, हाच अर्थ त्या काळीं लोकांस ठाऊक होता.

१९३२ सालीं निजामाच्या रेल्वेनें आपलें एक रस्तेवाहतूक खातें उघडलें. २७ मोटारी व १६६ नोकर एवढाच त्याचा आरंभींचा पसारा. परंतु सरकारी मालकीच्या मोटारवाहतुकीचा हिंदुस्थानांतील हा अगदीं आरंभींचा प्रयोग होय, ही गोष्ट मराठी वाचकांच्या सहसा लक्षांत नसते. आपल्याकडे एस. टी. ची कथा १ जून १९४८ पासून, म्हणजे पुणें ते अहमदनगर या पहिल्या गाडीपासून सांगण्याचा प्रघात आहे. ती गाडी सुटली त्या दिवशीं परभणी जिल्हा रझाकारांच्या दहशतीखालीं होता. त्याची सुटका त्याच वर्षीं १७ सप्टेंबरला झाली. १ नोव्हेंबर १९५१ रोजीं निजामी रेल्वेचें तें खातें हैदराबाद सरकारकडे आलें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला. आणि १९६१ सालीं मराठवाड्याची व विदर्भाची वाहतूक पश्चिम महाराष्ट्राच्या वाहतुकीशीं एक होऊन आजचें मार्ग परिवहन महामंडळ उभें राहिलें. सारांश, आमच्या जिल्ह्याची लाल गाडी दोन कुळांची लेक आहे.

ज्या कायद्यानें अशीं महामंडळें स्थापन झालीं तो १९५० सालचा. त्यांत एक कलम असें आहे कीं, महामंडळानें आपला कारभार व्यापारी तत्त्वांवर चालवावा. उलट महामंडळाचें ब्रीद पाहावें तर तें 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय.' एका हातांत तराजू आणि दुसऱ्या हातांत झोळी, अशी ही मूर्ति. सवलतीच्या तिकिटाचा सारा इतिहास या दोन हातांच्या ओढाताणीचा इतिहास आहे, असें आम्हांस वाटतें. यावर तोड निघाली ती अशी: सवलत राज्य सरकारनें जाहीर करावी, गाडी महामंडळानें चालवावी, आणि बुडालेलें भाडें सरकारनें तिजोरींतून भरून द्यावें. म्हणजे वृद्ध प्रवासी फुकट किंवा अर्ध्या दरानें बसतो हें म्हणणें तितकेंसें खरें नाहीं. त्याच्या तिकिटाचा उरलेला भाग आपण सर्वजण भरतों. गंमत अशी कीं, १९५८ च्या कायद्यान्वयें हेंच सरकार प्रवाशांवर करही बसवितें, आणि त्याचा दर शेंकडा साडेसतरापर्यंत गेलेला आहे.

या सवलतींची यादी लहान नाहीं. शेंकडा ४० वा अधिक व्यंग असलेल्या माणसास तिकिटांत ७५ टक्के सूट मिळते, आणि व्यंग ६५ टक्क्यांहून अधिक असेल तर त्याच्या सोबत्यासही अर्धें तिकीट. वयाची ६५ वर्षें उलटलेल्यांस अर्धें तिकीट. पुढें ऑगस्ट १९४७ च्या स्वातंत्र्यास ७५ वर्षें झालीं त्या निमित्तानें, ऑगस्ट २०२२ अखेरीस, ७५ वर्षें पूर्ण केलेल्यांस राज्याच्या हद्दींत विनामूल्य प्रवास सुरू झाला. १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांस अर्धें तिकीट झालें.

यांतील २०२२ च्या सवलतीचा आमच्या जिल्ह्यापुरता एक निराळाच अर्थ आहे. त्या ऑगस्टांत ज्याला ७५ पुरीं झालीं होतीं तो परभणीचा मनुष्य निजामाचा प्रजाजन म्हणून जन्मला होता. देशाचें स्वातंत्र्य उजाडलें त्या दिवशीं त्याच्या गांवीं तें उजाडलें नव्हतें. ज्या राज्यानें त्याचा जन्म टिपूनही ठेवला नाहीं, त्याच्या जागीं आलेल्या राज्यानें त्याला म्हातारपणीं बोलावून गाडींत बसविलें, हें थोडें नव्हे. मात्र त्याच्या बालपणीं जी त्याची राजधानी होती त्या हैदराबादेस तो या सवलतीवर जाऊं शकत नाहीं. राज्याची सीमा आली कीं ती संपते.

दिलेली सवलत टिकते किती, हेंही इतिहासानें दाखविलें आहे. रेल्वेंत ६० वर्षांच्या पुरुषास शेंकडा ४० व ५८ वर्षांच्या स्त्रीस शेंकडा ५० सूट होती. महामारीच्या तोंडावर, २० मार्च २०२० रोजीं, ती थांबविली गेली. साथ गेली, गाड्या पूर्ववत् भरून धांवूं लागल्या. पण ती सूट मात्र त्यांच्याबरोबर परतली नाहीं. कांहीं प्रकारच्या दिव्यांगांची व रुग्णांची सवलत मात्र राहिली. पुढें २०२१ च्या ऑक्टोबर अखेरीपासून एस. टी. च्या कामगारांचा संप झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. कामगारांचीं दुःखें खरीं होतीं. परंतु त्या महिन्यांत ज्या म्हाताऱ्यास औषधासाठीं पालमहून वा सोनपेठहून परभणीस यावयाचें होतें, त्याच्या हातीं अर्ध्या तिकिटाचा अधिकार होता आणि रस्त्यावर गाडी नव्हती. जी सवलत एका आज्ञेनें येते ती दुसऱ्या आज्ञेनें जाते. आणि गाडीच नसेल तर आज्ञा असून नसून सारखीच.

दिव्यांगांची गोष्ट याहून अवघड आहे. १९९५ च्या कायद्यानें त्यांच्या हक्कांस प्रथम कायद्याचें रूप आलें; २०१६ च्या कायद्यानें व्यंगांचे २१ प्रकार मानले आणि वाहतुकींतील सवलती व गाड्यांची सुधारणा हें सरकारचें कर्तव्य म्हणून लिहिलें. पण सवलतीसाठीं दाखला हवा, आणि दाखल्यासाठीं बहुधा जिल्हा रुग्णालयाची वाट धरावी लागते. म्हणजे ज्याला चालतां येत नाहीं त्यानें पूर्ण भाडें देऊन, सोबतीचें भाडें देऊन, प्रसंगीं एकाहून अधिक खेपा घालून, आपल्याला चालतां येत नाहीं हें सिद्ध करावयाचें! १९९९ च्या १ मे रोजीं हिंगोली वेगळी होईपर्यंत तर कळमनुरीकडील माणसासही जिल्ह्याचें ठिकाण परभणीच होतें. दाखला मिळाल्यावरही गाडीची पहिली पायरी गुडघ्याएवढी उंच असते, आणि पावसाळ्यांत काळ्या मातीचा फांटा तुडवून थांब्यापर्यंत यावयाचें असतें. त्या चिखलांत शेंकडा ७५ ची सूट उपयोगी पडत नाहीं.

आमचे कांहीं सुशिक्षित स्नेही म्हणतात, ही सारी खैरात होय. सधन पेन्शनरास अर्धें तिकीट कशाला? हा आक्षेप आम्हांस स्वतःलाच लागूं पडणार आहे, कारण पासष्टी आतां फार दूर नाहीं. त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. तिजोरीला तळ असतो, आणि पैसा वेळेवर न पोंचला तर गाडी जुनी होते व फेरी बंद पडते, याचा भार पुन्हां गरिबावरच पडतो. तथापि गरिबीचा दाखला मागूं लागलों तर आणखी एक कचेरी, आणखी एक खेप, आणि कागद नसलेला पुन्हां बाहेर. शिवाय सर्वांस मिळतें तें घेतांना कोणाचीच मान खालीं जात नाहीं. ज्यास गरज नाहीं त्यानें पूर्ण तिकीट मागून घ्यावें; त्याला कोणाची आडकाठी नाहीं. आमच्यापुरतें आम्ही तसें ठरविलें आहे.

पूर्वींचा दानधर्म वाटेवर होता, हक्क नव्हता. आजचा हक्क कागदावर आहे, वाट अपुरी आहे. या दोहोंची गांठ घालावयाची तर सवलत आज्ञेऐवजीं कायद्यांत बांधली पाहिजे, दाखला देणाऱ्यानेंच तालुक्यास आलें पाहिजे, आणि पायरी खालीं उतरली पाहिजे. जिंतूरच्या गाडींतील आमचे सोबती आपल्या फांट्यावर उतरले तेव्हां दोघांनीं त्यांस धरून खालीं घेतलें. तिकीट त्यांनीं टाकलें नाहीं. घडी करून पटक्याच्या पदरांत खोंवलें आणि ते चालूं लागले. त्यांचें गांव तेथून आणखी कोसभर आंत होतें.