मिरगीच्या ऑपरेशननंतर पुन्हा भोवळ येऊन पडणे

माझे धाकटे दीर, ज्यांना मी भावजी म्हणते, त्यांना तरुणपणापासून मिरगीचा आजार होता. मुंबईला असताना फेफरे म्हणायचे, इथे इस्राएलला आल्यावर डॉक्टरांच्या तोंडून एपिलेप्सी ऐकू लागलो. गोळ्या तीन-चार प्रकारच्या झाल्या, तरी महिन्यातून दोन-तीन वेळा फीट यायचीच. शेवटी वयाच्या 55व्या वर्षी मेंदूचे ऑपरेशन झाले. कानशिलाच्या आतला जो भाग फीट सुरू करत होता तो काढला. नंतर अकरा वर्षे एकही फीट आली नाही. गोळी मात्र एक चालू होती, कार्बामाझेपिन.

आणि मग एका शब्बाथच्या सकाळी ते जेवणाच्या टेबलावरून उठले आणि धाडकन पडले.

घरातल्या सगळ्यांना एकच वाटले, मिरगी परत आली. मलाही तसेच वाटले. पस्तीस वर्षे नर्सचे काम केलेली मी, त्यांच्याजवळ बसले, डोके मांडीवर घेतले, आणि नाडी काही बघितली नाही. ही गोष्ट मला अजून टोचते, म्हणून हे लिहिते आहे.

मिरगी परत आली ही शंका अगदीच चुकीची नव्हती. 2001 साली कॅनडातल्या डॉक्टरांनी 80 रुग्णांवर एक अभ्यास छापला. निम्म्यांना ऑपरेशनच्या गटात घेतले, निम्म्यांना फक्त औषधे दिली. वर्षाअखेर ऑपरेशनच्या गटातल्या 58 टक्के लोकांना शुद्ध हरपणारी फीट आली नव्हती, औषधांच्या गटात असे फक्त 8 टक्के होते. फरक मोठा आहे, पण 58 म्हणजे 100 नव्हेत. फीट काही वर्षांनी परत येऊ शकते, म्हणून ती शंका पहिली घ्यायलाच हवी. फक्त ती शेवटची नको. ज्याला कधीकाळी मिरगी होती त्याचे प्रत्येक पडणे मिरगीच्या खात्यात टाकायची आपल्याला सवय लागते, आणि डॉक्टरांनाही लागते.

भावजींच्या बाबतीत तेच झाले. ज्या दवाखान्यात दाखवले तिथे कार्बामाझेपिनचा डोस वाढवला. त्यानंतर ते जास्तच पडू लागले. तिसऱ्या वेळी मनगट मोडले.

आता फीट आणि भोवळ कशी ओळखायची ते सांगते. भावजींची जुनी फीट सगळ्या घराला पाठ होती. आधी पोटातून काहीतरी वर चढल्यासारखे वाटायचे, मग नजर एका जागी ठरायची, तोंड चघळल्यासारखे हलायचे, आणि नंतर अर्धा तास ते गोंधळलेले असायचे, बायकोलासुद्धा ओळखायचे नाहीत. नव्या पडण्यात यातले काही नव्हते. चेहरा पांढराफटक, अंगाला घाम, पंधरा-वीस सेकंदांत डोळे उघडायचे आणि लगेच विचारायचे, "काय झालं? मी पडलो काय?" हातांना झटके मात्र आले होते, आणि त्या झटक्यांनीच आम्हाला फसवले. मेंदूला काही सेकंद रक्त कमी पोचले तर साध्या भोवळीतही हातपाय झटकतात. 1994 साली जर्मनीतल्या डॉक्टरांनी धडधाकट माणसांना मुद्दाम भोवळ आणवून बघितली, तेव्हा पूर्ण बेशुद्ध झालेल्यांपैकी बहुतेकांना झटके आले होते. कपड्यात लघवी होणे दोन्हींत घडते. जिभेची कड चावली असेल आणि शुद्धीवर आल्यावर बराच वेळ गोंधळ असेल, तर पारडे फीटकडे झुकते.

उत्तर सापडले ते नातवामुळे. त्याने मोबाईलवर एक पडणे टिपले होते. दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी ते दोनदा बघितले आणि आधी रक्त व ईसीजी करायला सांगितले. रक्तात सोडियम 124 निघाले, असायला हवे 135 ते 145. हे कार्बामाझेपिनमुळे होऊ शकते, म्हाताऱ्या माणसांत जास्त. सोडियम उतरले की तोल जातो, गुंगी येते, आणि फार उतरले तर फीटसुद्धा येते. ईसीजीत दिसले की हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्याला जाणारा संदेश उशिरा पोचतो आहे. हीच गोळी तो संदेश आणखी अडवू शकते. म्हणजे पडू नये म्हणून ज्याचा डोस वाढवला, तेच पाडत असण्याची शक्यता होती!

गोळी एकदम बंद करत नाहीत, तसे केले तर जोरात फीट येण्याचा धोका असतो. दुसरी गोळी चढवत पहिली हळूहळू उतरवली. चोवीस तासांच्या होल्टरमध्ये विशेष काही मिळाले नाही, कारण त्या दिवशी ते पडलेच नाहीत. म्हणून छातीच्या कातडीखाली एक छोटा रेकॉर्डर बसवला. सातव्या आठवड्यात त्यात सापडले: हृदय सहा सेकंद थांबले होते. पेसमेकर बसवला. त्यानंतर भावजी पडलेले नाहीत.

सगळ्यांचे असेच असेल असे नाही. कधी खरी फीटच हृदयाचे ठोके मंद करते किंवा काही सेकंद थांबवते. हे क्वचित होते, पण कानशिलाच्या भागातल्या मिरगीत होते, आणि ते पकडायला मेंदूचा व हृदयाचा आलेख व्हिडिओसह एकाच वेळी काढावा लागतो. कुणाला ऑपरेशननंतर मनाच्या ताणातून झटके येतात. त्यात डोळे बहुधा घट्ट मिटलेले असतात. ते सोंग नव्हे, त्याचा उपचार वेगळा असतो. आपल्या वयात बरेचदा दिसते ते उठल्यावर रक्तदाब उतरणे. आडवे असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत मोजा. वरचा आकडा 20ने किंवा खालचा 10ने उतरला तर डॉक्टरांना सांगा. बीपीच्या आणि प्रोस्टेटच्या गोळ्यांनी हे होते. शारावच्या दिवसांत पाणी कमी पडले तरी होते.

कुणी पडले तर पहिल्यांदा श्वास चालू आहे का बघा आणि मनगटाची नाडी धरा. लागली का, मंद आहे का, किती वेळ, हे कागदावर लिहा. भोवळ असेल तर तिथेच आडवे ठेवून पाय वर करा. झटके असतील तर कुशीवर वळवा. तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. फीट पाच मिनिटांत थांबली नाही, छातीत दुखत असेल किंवा डोक्याला मार लागला असेल तर 101 फिरवा. श्वास नसेल तर क्षणभरही थांबू नका, 101ची माणसे फोनवर छाती कशी दाबायची ते सांगतात. दुसरा कुणी असेल तर त्याला मोबाईलवर टिपायला सांगा. लाज वाटून घेऊ नका, कुपात होलीमच्या दहा मिनिटांच्या भेटीत ते टिपलेलेच जास्त बोलते.

किप्पूरच्या उपासाचे मला खूप जण विचारतात. मिरगीची गोळी चुकवायची नाही, आणि उपास धरावा की नाही हे महिनाभर आधी डॉक्टरांना विचारायचे. भावजी आता उपास धरत नाहीत. पहिल्या वर्षी फार नाराज होते, सकाळी गोळी घेताना पाण्याचा पेला त्यांनी भिंतीकडे तोंड करून प्यायला.