तेरचें त्रिविक्रम-मंदिर व छायाचित्रांचा पुरावा

बेंबळीहून आम्ही मंडळी एक दिवस तेरला गेलों, तें तेथील जुन्या वास्तूंचीं छायाचित्रें घेण्यासाठीं. तेर म्हणजेच प्राचीन तगर, हें फ्लीट यांनीं १९०१ सालीं प्रतिपादिलें. तत्पूर्वीं जुन्नर, दौलताबाद असा तगराचा शोध चोहोंकडे चालला होता. 'पेरिप्लस'कार पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हें मोठें नगर सांगतो व येथील जाडेंभरडें कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचला जात असे, असें लिहितो. शिलाहार राजे स्वतःस 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत. तेरकरांस मात्र गांवाची थोरवी विचारावी तर ते प्रथम गोरोबाकाकांचें नांव घेतात, आणि तें योग्यच आहे.

त्रिविक्रमाच्या देवळापाशीं मंडळींत मतभेद झाला. बहुतेकांचे कॅमेरे समोरच्या मंडपाकडे वळले, कारण दर्शनी भाग तोच. परंतु सपाट छताचा हा मंडप मागाहून जोडलेला. मूळ वास्तु त्याच्या पाठीशीं आहे. ती विटांची असून तिचा मागील भाग अर्धवर्तुळाकार व छत हत्तीच्या पाठीप्रमाणें वांकलेलें आहे. समोरून घेतलेल्या चित्रांत हें बहुतेक झांकलें जातें. मंडपावरून डोकावणारी चैत्याकार कमान तेवढी दिसते. म्हणून बाजूनें व मागून, जुन्या-नव्याचा सांधा चौकटींत येईल अशीं चित्रें घेण्याचा आग्रह आम्हीं धरला. हेन्री कझिन्स यांनीं पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या वार्षिक वृत्तांतांत ही इमारत मूळचें बौद्ध चैत्यगृह ठरविली, ती मुख्यतः या आकारावरून.

तथापि चित्रानें आकार सिद्ध होतो, पंथ सिद्ध होत नाहीं. ऐहोळेचें दुर्गमंदिरही गजपृष्ठाकार आहे, पण तें बौद्ध नव्हे. कझिन्स यांचा निर्णय आम्हांस संभाव्य वाटतो. परंतु केवळ पाठीच्या गोलाईवर तो उभा करूं नये. विटांचें माप व त्यांची रचना यांची जोड त्यास हवी. यासाठीं भिंतीच्या प्रत्येक चित्रांत मोजपट्टी धरली.

उत्तरेश्वराच्या देवळाची कोरीव लांकडी द्वारचौकट आतां गांवांतील संग्रहालयांत आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनीं आयुष्यभर जमविलेल्या वस्तूंवर हें संग्रहालय उभें आहे. तो संग्रह नसता तर तगराविषयीं बोलणें बव्हंशीं ग्रंथांपुरतेंच राहिलें असतें. देऊळ एकीकडे व चौकट दुसरीकडे असल्यामुळें दोहोंचीं चित्रें एकाच मापानें घेतलीं, म्हणजे कागदावर तरी तीं पुन्हां जुळवितां येतील. येथील हस्तिदंती स्त्रीमूर्ति पाँपेईत १९३८ सालीं सांपडलेल्या मूर्तीशीं फार मिळती आहे. पाँपेई इ. स. ७९ मध्यें राखेखालीं गेली. त्यामुळें ही तुलना कालनिर्णयास महत्त्वाची आहे. एक मूर्ति नेपल्सला, दुसरी तेरला. अभ्यासकाच्या मेजावर त्या शेजारीं येतात त्या छायाचित्रांमुळेंच.

सायंकाळीं उजेड तिरपा झाल्यावर तेरणेकांठच्या पांढरीचीं टेकाडें टिपलीं. खापरें वर पडलेलीं दिसत होतीं. तीं जागचीं हलविलीं नाहींत. पांढरीची माती शेतांत नेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे व तिच्यामुळें असल्या टेकाडांच्या कडा बदलत जातात. याकरितां प्रत्येक चित्रामागें दिनांक, वेळ, दिशा आणि अंतर लिहून ठेविलें आहे.