सुरतेचे दही आणि पोटाचे दुखणे

मराठी वाचकाच्या मनात सुरत हे नाव १६६४ आणि १६७० या दोन सालांशी जोडलेले असते. शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्यांपलीकडची सुरत, तेथील स्वयंपाकघरे, तेथील आजार यांकडे आपले लक्ष सहसा जात नाही. त्या शहरातील दह्याविषयीची एक जुनी नोंद आम्ही येथे विचारासाठी घेत आहोत.

जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज धर्मोपदेशक. १६८९ साली तो इंग्लंडहून निघाला आणि पुढे सुरतेच्या वखारीत राहिला. त्याचे प्रवासवर्णन १६९६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यात तो सांगतो, की येथील लोक बहुधा दुपारी दही, शिजवलेला भात आणि साखर एकत्र करून खातात. ताप आणि जुलाब हे या देशातले नेहमीचे विकार. त्यांवर हा आहार फार गुणकारी ठरतो. पहाटे किंवा रात्री उशिरा मात्र ते दह्याला सहसा शिवत नाहीत, कारण ते पोटाला फार थंड पडते असे ते मानतात.

या नोंदीतील वेळेचा निर्बंध आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात रात्री दही खाण्याचा निषेध आहे, आणि चिकित्सास्थानाच्या पंधराव्या अध्यायात ग्रहणीच्या विकारावर ताकाची प्रशंसा आहे. ताक दीपन, ग्राही आणि पचनास हलके म्हणून हितकर. दही मात्र जड. म्हणजे सुरतेतील घरांत जे पाळले जात होते, त्याला ग्रंथाचाही आधार होता. पदार्थाइतकेच महत्त्व त्याचे रूप, वेळ आणि खाणाऱ्याची प्रकृती यांना होते.

युरोपात हा विचार वेगळ्या वाटेने आला. इल्या मेचनिकोव्ह या शास्त्रज्ञाने १९०७ साली आंबवलेल्या दुधातील जंतू आणि दीर्घायुष्य यांचा संबंध मांडला. त्याला १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, पण ते रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी, दह्यासाठी नव्हे. ही गल्लत अनेकदा होते. पुढे २००१ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी 'प्रोबायोटिक'ची व्याख्या केली : पुरेशा प्रमाणात घेतले असता आरोग्यास लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव. या व्याख्येत लाभ सिद्ध होणे अभिप्रेत आहे. म्हणून घरचे विरजण उत्तम असले, तरी प्रत्येक वाटी दही 'प्रोबायोटिक' ठरत नाही.

आज 'आयबीएस' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दुखण्यात पोट वारंवार दुखते, शौचाच्या सवयी बदलतात, पण नेहमीच्या तपासण्यांत आतड्यात व्रण वा सूज आढळत नाही. 'काही नाही' असे ऐकून परतणाऱ्या रुग्णाची व्यथा मात्र खरी असते. अशा माणसाला आशा विकणे फार सोपे असते. प्रोबायोटिक्सविषयी तज्ज्ञांचे एकमत नाही. अमेरिकेतील एका तज्ज्ञसंस्थेने २०२० साली ती केवळ संशोधनाच्या चौकटीतच वापरावीत असे सांगितले. ब्रिटनमधील संस्थेने २०२१ साली बारा आठवड्यांपर्यंत घेऊन पाहावीत आणि गुण न आल्यास थांबवावीत असा सल्ला दिला. अमुकच जंतू गुणकारी, असे तिनेही म्हटलेले नाही. शौचातून रक्त जाणे किंवा कारणाविना वजन घटणे ही लक्षणे असतील, तर असे प्रयोग न करता वैद्यकीय तपासणीच हवी.

आपल्या पूर्वजांना हे सारे आधीच ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह अशा वेळी होतो. तो आवरला पाहिजे. ओव्हिंग्टनचे जुलाब म्हणजे आयबीएस नव्हे. ग्रहणी आणि आयबीएस यांची लक्षणे काही अंशी जुळली, तरी त्या दोन वेगळ्या विचारपद्धतींतल्या संज्ञा आहेत. दुधाने ज्याचे पोट बिघडते त्याला दही सोसते, याचे एक साधे कारण विरजताना दुधातील साखर काहीशी कमी होते, हेही आहे.

मग त्या नोंदीचे मोल कशात? आमच्या मते, तिच्यातील अटींत. सुरतेच्या लोकांनी दह्याला सर्व रोगांवरचे औषध केले नाही. केव्हा खावे आणि केव्हा नाही, हे त्यांनी ठरवले होते. घेऊन पाहा, मुदत ठेवा, गुण नसेल तर सोडा, या आजच्या सल्ल्यातही तोच विवेक आहे. परंपरेकडून घ्यायचा तो हा विवेक. विरजण तर घरोघरी आहेच.